गोधडीचा हिरवा काठ

श्रावणातला दुसरा मंगळवार. हे रोज पहाटे साडेपाचला तळजाईच्या टेकडीवर जातात आणि सव्वासातच्या सुमाराला परत येतात. आल्यावर चपला दाराबाहेर, छत्री बाल्कनीत उघडून वाळत, मग चहा, मग पेपर. त्या दिवशी पावणेसातलाच बेल वाजली. छत्री हातातच होती, तिचं पाणी फरशीवर ठिबकत होतं आणि हे सोफ्याच्या कडेला नुसते टेकले. "दमलो गं जरा," एवढंच म्हणाले. चहा अर्धा टाकला. पेपर उघडला, पण बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. माझं लक्ष तिकडेच लागून राहिलं.

माझी सगळी नोकरी कानावर गेली. १९७९ साली मी पुणे टेलिफोन्समध्ये ऑपरेटर म्हणून लागले. परगावचे कॉल जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर बसायचं, डोक्याला हेडफोन, समोर कॉर्डांची रांग, हाताशी तिकिटांचा गठ्ठा. कुणी कुठला कॉल मागितला, किती वाजता लागला, किती मिनिटं चालला, सगळं त्या तिकिटावर पेन्सिलीनं लिहायचं. पुढे एसटीडी आलं, लोक परगावचे नंबर स्वतःच फिरवू लागले, बोर्ड गेले, मी १९८ वर फोन बंद पडल्याच्या तक्रारी घ्यायला बसू लागले आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले. वेळ टिपून ठेवायची सवय मात्र हाताला राहिली. दूधवाला आला नाही तरी मी कॅलेंडरवर तारखेखाली लिहिते. या आजारपणात ती सवय किती कामाला आली, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे. माझ्या वयाच्या किती तरी जणी घरात आपल्याहून वयानं मोठ्या नवऱ्याचं करताहेत, त्यांच्यातल्या एखादीला तरी उपयोग व्हावा.

आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. १९८१ साली लग्न झालं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि हे चौतीस. माझी आत्या तेव्हा आईला म्हणाली होती, "मुलगा जरा मोठा आहे, पण घराला धरून राहणारा आहे." ते अगदी खरं निघालं. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये यांची सगळी नोकरी झाली. मायक्रोमीटरवर काम करणारा माणूस, त्यामुळे घरातही सगळं मोजून मापून. अंतर असं कधी जाणवलं नाही. ते जाणवायला लागलं गेल्या चार-पाच वर्षांत, म्हणजे यांची सत्तरी मागे पडून पंचाहत्तरी आली तेव्हा. आता हे अठ्ठ्याहत्तरचे आहेत. वीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी, आणि चार वर्षांपासून प्रोस्टेटची एक गोळी रात्री झोपताना. तरी टेकडी चुकली नव्हती. सहकारनगरमध्ये आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, तेही दिवसातून दोनदा सहज चढायचे.

दुपारपर्यंत अंगात कणकण, घसा खवखवतोय, पाठ-मांड्या ठणकताहेत. ताप पाहिला तर ९९.२. एवढासा ताप म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं. मुलीच्या लहानपणी फ्लू झाला की एकशे तीन ताप चढायचा, भट्टीसारखं अंग तापायचं. ताप नाही म्हणजे फ्लू नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. ते चूक आहे. म्हातारपणी शरीराची तापायची ताकदच कमी होते. फ्लू असूनही ताप जेमतेम असतो किंवा नसतोच. त्याऐवजी माणूस एकदम गळून जातो, जेवण सोडतो, बोलताना गोंधळतो, नाही तर चालता चालता पडतो. हे मला बुधवारी पहाटे डॉक्टरांनी सांगितलं. मंगळवारी दुपारी ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारी दुपारी मी छत्री घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि "सर्दी-तापाची गोळी द्या" म्हणाले. त्यांनी दिली. कुणासाठी, वय किती, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे मी सांगितलं नाही. एक गोळी दुपारी दिली, एक रात्री नऊला. नाक वाहायचं थांबलं, यांना गुंगी आली, आणि मी निश्चिंत झाले.

साडेअकराला हे बाथरूमला उठले. मग बाराला. मग पुन्हा. प्रत्येक वेळी आत खूप वेळ, आणि पाण्याचा आवाज नाही. मी दाराशी जाऊन विचारलं तर म्हणाले, "होत नाहीये." अडीचला मला जाग आली ती कपाटाच्या दाराच्या करकरीनं. दिवा लावला. हे सदऱ्याची बटणं लावत उभे होते, बनियनवरच, आणि बटणं एक घर चुकून लागली होती. मी विचारलं, "अहो, कुठे निघालात?" तर माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "पाच-चाळीसची बस आहे. डबा भरलास का?"

कंपनीची बस. सातारा रोडच्या स्टॉपवरून पाच-चाळीसला सुटायची, फर्स्ट शिफ्टची. त्या बसला हे शेवटचे बसले त्याला अठरा वर्षं झाली.

माझ्या हातापायातलं बळ गेलं, हे मी लपवत नाही. पण तोंडानं म्हणाले, "भरते हं, बसा तुम्ही." खांद्याला धरून बिछान्यावर बसवलं. सदरा सोडवताना माझा हात ओटीपोटाला लागला. नाभीपर्यंत टणक लागत होतं, घट्ट भरलेल्या पिशवीसारखं. यांनी कळवळून माझं मनगट धरलं.

मुलगी वाकडला राहते. रात्री, त्या पावसात, तिला यायला तासभर लागला असता. तिला फोन करायच्या आधी मी १०८ ला लावला. आयुष्यभर तिकडच्या टोकाला बसलेली बाई मी, घाबरलेला माणूस फोनवर काय बोलतो आणि त्यातलं काय उपयोगाचं असतं हे मला माहीत आहे. पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह आहे. सकाळपासून आजारी, पाच तास लघवी झालेली नाही, बोलणं भरकटलं आहे. सहकारनगर दोन, इमारतीची खूण अमुक. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. माझा नंबर हा. एवढं सलग सांगितलं आणि मग त्यांचे प्रश्न ऐकले. गाडी येईपर्यंत पिशवी भरली: यांच्या रोजच्या गोळ्यांची सगळी पाकिटं, ती सर्दीची अर्धी स्ट्रिप, गेल्या महिन्याचे रक्ताचे रिपोर्ट, चष्मा, आधार कार्ड. चष्मा आठवणीनं घेतला हे फार बरं झालं. गोंधळलेल्या माणसाला नीट दिसलंही नाही तर तो आणखी बिथरतो. आमच्या जिन्याच्या वळणात स्ट्रेचर फिरत नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हाताच्या दांड्याची प्लास्टिकची खुर्ची दिली, त्यांचा मुलगा आणि गाडीवरचा माणूस अशा दोघांनी यांना खुर्चीतून खाली नेलं. हे सारखे विचारत होते, "बस थांबली आहे ना?"

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता. दमलेला दिसत होता बिचारा. यांना तारीख विचारली, यांनी भलतीच सांगितली. तो मला म्हणाला, "आजी, या वयात थोडं विसरायला होतंच. डिमेन्शिया किती वर्षं आहे?"

"डिमेन्शिया नाहीये," मी म्हणाले. "परवा रात्री यांनी पेपरमधलं अवघड सुडोकू पेननं सोडवलंय. काल सकाळी विजेचं बिल ऑनलाइन भरलंय. हे आज रात्री अडीचपासून सुरू झालंय. हे त्यांचं नेहमीचं नाही."

ते शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. त्यानं पेन खाली ठेवलं आणि वरिष्ठ बाईंना बोलावून आणलं. मला यातली जी एक गोष्ट सांगायची आहे ती हीच. डॉक्टर आपल्या माणसाला पहिल्यांदा बघत असतात. त्यांच्यासमोर एक म्हातारा माणूस असतो, बरळणारा. तो काल कसा होता हे फक्त आपल्याला माहीत असतं, आणि ती माहिती रक्ताच्या रिपोर्टाइतकीच मोलाची आहे. "काही तरी बिनसलंय" असं म्हणू नका. काल काय करत होते आणि आज काय करू शकत नाहीत, ते वेळेसकट सांगा.

नळी घातली. पिशवीत नऊशे मिलीलिटर जमलं. यांचा चेहरा दोन मिनिटांत सैल झाला, कपाळावरची घडी गेली आणि हे झोपले. मग त्या बाई डॉक्टरांनी माझ्या पिशवीतली पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली आणि सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून चष्म्याजवळ धरली. त्यात पॅरासिटामॉल होतं, ते ठीक. पण सोबत क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन होतं. त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं. क्लोरफेनिरामाइन नाक सुकवतं, पण त्याच गुणानं ते मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी करतं, आणि म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतं, भ्रमात टाकतं. फिनाइलएफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, तसंच मूत्राशयाच्या तोंडाशी आवळतं आणि रक्तदाबही वाढवू शकतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची वाट आधीच चिंचोळी. त्यात दोन्ही बाजूंनी अडवणूक झाली. वर फ्लूचा विषाणू होताच, तोंडाला कोरड पडून पाणीही पोटात गेलं नव्हतं.

मी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे झालं?" त्या म्हणाल्या, "आजारामुळे झालं. गोळीनं भर घातली. आणि तुम्ही स्ट्रिप आणलीत म्हणून मला पाच मिनिटांत कळलं." मी ते ऐकलं, पण माझ्या मनाला ते पटायला खूप दिवस लागले. अजूनही पुरतं पटलंय असं नाही.

ऑक्सिजन ९३ होता, ताप १००.८, छातीचा एक्स-रे साफ. नाका-घशातला स्वॅब घेतला. त्याचा रिपोर्ट यायच्या आतच ऑसेल्टामिविर सुरू केलं. फ्लूवरची ही गोळी पहिल्या ४८ तासांत पोटात गेली तर तिचा जास्तीत जास्त उपयोग होतो, म्हणून वय झालेल्या, मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत रिपोर्टसाठी थांबत नाहीत. दिवसातून दोनदा, पाच दिवस. क्रिएटिनिन बघून डोस ठरवला, कारण मूत्रपिंडं मंद असतील तर तो कमी करावा लागतो. अँटिबायोटिक दिलं नाही. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही, हे मला माहीत होतं, पण भावकीतल्या फोनांना ते समजावून सांगता सांगता माझा जीव मेटाकुटीला आला.

गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट आला: इन्फ्लुएन्झा ए, एच१एन१. मुलीनं मोबाइलवर तो वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, स्वाइन फ्लू!"

पुण्यात ते दिवस पाहिलेल्या कुणाचंही असंच होईल. २००९ चा ऑगस्ट. देशातला या साथीतला पहिला मृत्यू आमच्या पुण्यात झाला, ३ ऑगस्टला, शाळेत जाणारी मुलगी. त्यानंतर शाळा, कॉलेजं, थिएटरं बंद. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगाच रांगा. मास्क मिळेनात म्हणून लोक हातरुमाल तोंडाला बांधून स्कूटरवर, रुमालात कापराची वडी, निलगिरीचे थेंब. नमुने आपल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत जायचे, तेही पुण्यातच. मी तेव्हा १९८ वर होते. लोक फोन बंद असल्याची तक्रार करायचे आणि मधेच विचारायचे, "बाई, तुमच्या ऑफिसात कुणाला झालाय का हो?" मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिची मैत्रीण नायडूत दाखल होती. ती भीती तिच्या अंगात मुरलेली.

डॉक्टरांनी तिला बसवून सांगितलं, की तो विषाणू आता नवा राहिलेला नाही. २००९ नंतर तो नेहमीच्या हंगामी फ्लूपैकीच एक झाला आहे. दर पावसाळ्यात येतो, औषध आहे, लस आहे. त्याला हलकं घ्यायचं नाही, पण नावाला घाबरायचंही नाही.

लस. आम्ही दोघं चार वर्षं दर मे महिन्यात घेत होतो, पावसाळ्याच्या आधी, म्हणजे आपल्याकडे फ्लूचा जोर सुरू व्हायच्या आत अंगात तयारी असते. यंदा मी घेतली. यांचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पुढे घेऊ म्हणालो आणि ते राहूनच गेलं. लस घेतली की फ्लू होतच नाही असं नाही, पण झाला तरी बेताचा होतो. मी त्याच खोलीत, त्याच हवेत अकरा दिवस होते, मला दोन दिवस घसा दुखण्यापलीकडे काही झालं नाही. मास्कही होता, खिडकीही उघडी होती, त्यामुळे सगळं श्रेय लशीचंच असं म्हणता येणार नाही. पण मे महिन्यातली ती एक फेरी राहिली याची रुखरुख आहेच.

शुक्रवारी घरी आलो, नळीसकट. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर राहू दे, मूत्राशय ताणलं गेलंय, त्याला विश्रांती हवी. आत्तापर्यंत मी कधी केलं नव्हतं असं सगळं शिकले. पिशवी कायम कमरेच्या खाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. नळीला पीळ पडला नाही ना, ते कुशीवर वळवल्यावर बघायचं. रिकामी करायच्या आधी आणि नंतर साबणानं हात. माझ्यासमोर यांना संकोच वाटत होता. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, पण पहिल्या दिवशी यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी काही बोलले नाही, किती मिलीलिटर झालं ते वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी यांनीच विचारलं, "किती झालं?" टूलरूमचा माणूस, आकडा म्हटल्यावर लाज जरा मागे सरली.

वही म्हणजे नातवाची जुनी दोनशे पानी, मागची पानं कोरी होती. वेळ, ताप, नाडी, ऑक्सिजन, साखर, पोटात काय गेलं, बाहेर किती आलं. ऑक्सिमीटर लावायच्या आधी यांचा हात माझ्या दोन्ही तळव्यांत धरून गरम करायचे, कारण गार बोटावर तो खोटा आकडा दाखवतो, आणि लावल्यावर पूर्ण मिनिटभर थांबायचं, पहिला आकडा धरायचा नाही. साखरेनं मला चकवलं. पोटात चार घास नाहीत तरी उपाशीपोटी दोनशे चाळीस. जंतुसंसर्गाशी झगडताना शरीर स्वतःच रक्तात साखर ओततं, असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे जेवत नाहीत म्हणून साखर तपासायची सोडू नका. त्या दिवसांत मधुमेहाची एक गोळी त्यांनी थांबवली आणि दुसरं औषध दिलं. ते आपल्या मनानं करायचं नसतं. खोकल्याच्या गोड औषधाच्या बाटल्याही घरातून हद्दपार केल्या.

पाणी हे सगळ्यात अवघड. म्हातारपणी तहान लागल्याचं कळतच नाही. "पाणी देऊ का?" विचारलं की उत्तर "नको". मग मी विचारणंच सोडलं. देवघरातलं पितळी फुलपात्र घेतलं, त्यात मोजून दीडशे मिलीलिटर मावतं. दर तासाला ते भरून हातात द्यायचं आणि समोर बसून राहायचं. कधी कोमट पाणी, कधी साळीच्या लाह्यांचं पाणी मीठ घालून, कधी मुगाचं कढण त्याला जिऱ्याची फोडणी देऊन. खाणं म्हणजे मऊ भात, मेतकूट, चमचाभर तूप. चौथ्या दिवशी लिंबाच्या लोणच्याची फोड मागितली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी दोन वाढल्या. काढ्याचे निरोप बारा ठिकाणांहून आले. आल्या-गवती चहाचा केला. ज्येष्ठमध मात्र घातलं नाही. घशाला ते चांगलं, पण रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, हे त्या बाई डॉक्टरांनीच सांगितलं होतं. वाफाऱ्याचं उकळतं पातेलंही दिलं नाही. थरथरत्या हातांसमोर ते नकोच.

रात्री मी खाली गादी घालून झोपायचे. झोपायचे म्हणजे पडायचे. यांच्या अंगावर सासूबाईंची गोधडी, त्यांच्या नऊवारी लुगड्यांची, हातटिपेची. मधोमध एक हिरवा काठ आहे, रंग विटलाय पण जरीची तार अजून एक-दोन ठिकाणी चमकते. तो काठ बरोबर यांच्या छातीवर यायचा. रात्रदिव्याच्या उजेडात तो वर जायचा, खाली यायचा. घड्याळ समोर धरून मी मिनिटभर मोजायचे. झोपलेल्या माणसाचाच श्वास मोजावा, जागं असताना आपण मोजतोय हे कळलं की श्वास बदलतो. मिनिटाला बारा ते वीस म्हणजे ठीक. यांचे आकडे शुक्रवारी बावीस, शनिवारी वीस, रविवारी एकोणीस. सोमवारी रात्री अठरा. ताप गेला होता, गोळ्यांचा कोर्स संपला होता. बाहेर नदीकडून ढोल-पथकांच्या सरावाचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा, आणि त्यातही मला या बाजूचा श्वास बरोबर ऐकू यायचा.

बुधवारी रात्री दीड वाजता काठ भराभर हलताना दिसला. मोजले, सव्वीस. पुन्हा मोजले, सव्वीस. ताप पाहिला, ९९. ऑक्सिजन ९४. कपाळ गार. थर्मामीटरवर विसंबले असते तर सकाळी चहा करून दिला असता आणि गप्प बसले असते. सकाळी सातला डॉक्टरांना फोन केला आणि वहीतून वाचून दाखवलं: "बावीस, वीस, एकोणीस, अठरा, अठरा, काल रात्री सव्वीस." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "लगेच घेऊन या."

पुन्हा खुर्ची, पुन्हा जिना, पुन्हा वहिनींचा मुलगा. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी लहानसा पांढरा डाग. फ्लू उतरतोय असं वाटतं आणि त्यानं खरवडलेल्या फुप्फुसात मागून जिवाणू शिरतात, न्यूमोनिया होतो. म्हणून फ्लूनंतर बरं वाटून पुन्हा बिघडलं तर एक दिवसही दवडायचा नाही. आता अँटिबायोटिकची खरी वेळ होती, आणि ते दिलं. लवकर सापडलं म्हणून दाखल करावं लागलं नाही, गोळ्यांवर भागलं. डॉक्टरांनी माझी वही मागून घेतली, पानं उलटून बघितली आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवला.

त्या रात्री मी पहिल्यांदा रडले. स्वयंपाकघरात, नळ सोडून. हे झोपले होते असं मला वाटलं होतं. बाहेर आले तर म्हणाले, "नळ बंद कर गं, पाणी जातंय." मग थोड्या वेळानं, "ये, इथे बस जरा."

मुलगी शनिवारी आली आणि तिनं मला हुकूमच सोडला, आज रात्र माझी, तू आतल्या खोलीत झोप. मी सलग सात तास झोपले. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. आपणही सदुसष्टचे आहोत हे मी पार विसरले होते. रात्रपाळी वाटून घ्या, एकटीनं अंगावर ओढून घेऊ नका. मुलं, शेजारी, कुणी ना कुणी असतं, फक्त स्पष्ट मागावं लागतं.

नळी दुसऱ्या सोमवारी काढली आणि तासाभरात बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. मी बाहेर खुर्चीवर बसले होते. हात जोडले.

गणपती यंदा दीड दिवसाचेच बसवले, आरास मुलीनं केली. यांचा अशक्तपणा अजून आहे. आरतीला बसूनच टाळ वाजवला. त्या बुधवारच्या पहाटेचं यांना काही आठवत नाही. बसचं मी सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "मग भरलास का डबा?" मी हो म्हणाले.

राहिलेली लस पुढच्या महिन्यात घ्यायची आहे. एकदा एच१एन१ होऊन गेला तरी फ्लूचे बाकीचे प्रकार असतातच. न्यूमोनियाचीही त्यानंतर घेऊ. दोन्ही तारखा यांनी स्वतः कॅलेंडरवर लिहिल्या, लाल पेननं. मेडिकलमध्येही मी जाऊन आले. यांच्या सगळ्या औषधांची चिठ्ठी करून दिली, वय आणि प्रोस्टेट ठळक लिहून. त्यांनी ती काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवली.

परवा हे खालपर्यंत उतरून वर आले. मी एक पायरी मागे होते. वर यायला नऊ मिनिटं लागली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोनदा थांबले. काल आठ मिनिटं, एकदाच थांबले. वहीत लिहिलं आहे.